चित्रकलेचे रूपक आणि श्रद्धेचे रूपक

डेल्फ्ट नगरीचा चित्रकार योहान्नेस व्हर्मीर (१६३२–१६७५) याची म्हणून आज जी पस्तीसेक चित्रे ओळखली जातात, त्यांपैकी बहुतेकांत काहीच घडत नाही. एखादी दासी दूध ओतते, एखादी तरुणी पत्र वाचते, डाव्या बाजूच्या खिडकीतून उजेड येतो, एवढेच. परंतु या मितभाषी चित्रकाराने उघडउघड रूपकात्मक म्हणता येतील अशी दोन मोठी चित्रेही रंगवली आहेत. एकाचा विषय आहे चित्रकला. दुसऱ्याचा विषय आहे कॅथलिक श्रद्धा. पहिले व्हिएन्नाच्या कुन्स्टहिस्टोरिशेस म्युझियममध्ये आहे, तर दुसरे न्यूयॉर्कच्या मेट्रोपोलिटन म्युझियममध्ये. धर्मगुरू या नात्याने आमचे मन दुसऱ्या चित्राकडे अधिक ओढले जावे, हे स्वाभाविक होय. प्रत्यक्षात तसे होत नाही. सेमिनरीच्या दिवसांपासून या दोन्ही चित्रांच्या छापील प्रती आमच्याजवळ आहेत. मिरजोळ्याच्या आमच्या खोलीत त्या शेजारी शेजारी ठेवून आम्ही पुष्कळदा पाहिल्या आहेत. आणि दर वेळी पहिले चित्र आम्हांला प्रार्थनेच्या जवळ नेते, दुसरे नेत नाही. असे का व्हावे, याचा शोध प्रस्तुत लेखात घ्यावयाचा आहे. हा प्रश्न एकट्या व्हर्मीरचा नाही. आपण ज्यास ख्रिस्ती कला आणि ख्रिस्ती साहित्य म्हणतो, त्याचाही तो प्रश्न आहे.

प्रथम चित्रकलेचे रूपक पाहू. चित्र सुमारे १२० सेंटिमीटर उंच आणि १०० सेंटिमीटर रुंद आहे, आणि ते साधारणपणे १६६६ ते १६६८ या काळातील मानले जाते. डाव्या बाजूस एक जाड, वेलबुट्टीचा पडदा कुणीतरी नुकताच बाजूस सारावा तसा सरकवलेला आहे, आणि आपण एका चित्रशाळेत डोकावतो आहोत. काळ्या-पांढऱ्या फरशीवर, आपल्याकडे पाठ करून, चित्रकार बसला आहे. डोक्यावर काळी टोपी, अंगात पट्ट्यापट्ट्यांचा जुन्या धाटणीचा काळा अंगरखा, आणि पायांत किंचित घसरलेले मोजे. समोर खिडकीच्या उजेडात निळे वस्त्र पांघरलेली एक तरुणी उभी आहे. तिच्या मस्तकावर लॉरेलच्या पानांचा मुकुट, एका हातात तुतारी व दुसऱ्या हातात जाडजूड ग्रंथ. मेजावर कापडे, एक उघडी वही आणि एक मोठा मुखवटा. मागच्या भिंतीवर नेदरलँड्सच्या सतरा प्रांतांचा विस्तीर्ण नकाशा, आणि वर छताला टांगलेले, एकही मेणबत्ती नसलेले पितळी झुंबर.

या सामग्रीचा अर्थ विद्वानांनी केव्हाच लावलेला आहे. सेझारे रिपा या इटालियन लेखकाच्या प्रतीककोशाचे डच भाषांतर १६४४ साली प्रसिद्ध झाले होते, आणि त्या काळचे चित्रकार त्याचा सर्रास आधार घेत. त्या कोशानुसार लॉरेलचा मुकुट, तुतारी व ग्रंथ धारण करणारी स्त्री म्हणजे इतिहासाची देवता क्लिओ. मुकुट अमर यशाचा, तुतारी कीर्तीची, ग्रंथ इतिहासाचा. मुखवटा हे अनुकरणाचे चिन्ह. झुंबरावरचा दोन मस्तकांचा गरुड हे हाब्सबुर्ग राजघराण्याचे मानचिन्ह. आणि नकाशावर मधोमध पडलेली उभी घडी उत्तरेचे प्रॉटेस्टंट प्रांत व दक्षिणेचे कॅथलिक प्रांत यांच्या फाटाफुटीची खूण आहे, असेही अनेकजण मानतात. एकंदर अर्थ असा, की इतिहास चित्रकाराला स्फूर्ती देतो आणि चित्रकार आपल्या नगरीला व देशाला कीर्ती मिळवून देतो.

हा अर्थ चुकीचा आहे असे आम्ही म्हणणार नाही. परंतु एवढाच अर्थ असता, तर तो कोशात वाचून भागले असते. त्यासाठी चित्र रंगवण्याची गरज नव्हती. चित्राकडे थोडा वेळ टक लावून पाहिले म्हणजे असे ध्यानात येते, की चित्रकाराने प्रत्येक प्रतीक मान्य केले आहे, आणि त्याच वेळी प्रत्येक प्रतीकाला त्याच्या मूळ वस्तुरूपात परत आणून ठेवले आहे.

क्लिओचेच पाहा. ती देवता नाही. देवतेचे सोंग घेऊन उभी राहिलेली शेजारपाजारची एक मुलगी आहे. नजर खाली वळलेली, ओठांवर अर्धवट, लाजरे हसू. जड ग्रंथ तिने छातीशी धरला आहे, आणि तुतारी ती वाजवीत नाही, नुसती सांभाळते आहे. रत्नागिरीच्या परिसरात ज्यांनी शिमग्याच्या दिवसांत नमन-खेळे पाहिले असतील, त्यांना हा अनुभव नवा नाही. गौळणीचे सोंग घेतलेला तरुण कोणाचा कोण, हे साऱ्या वाडीला ठाऊक असते. त्याच्या चेहऱ्यावरच्या रंगातून घाम ओघळत असतो. तरीही गौळण ती गौळणच. प्रेक्षकाला दोन्ही एकदम दिसतात, आणि एकामुळे दुसरे खोटे ठरत नाही. किंबहुना त्या घामामुळेच सोंग खरे वाटते. व्हर्मीरने आपल्या क्लिओला मुलगी राहू दिले, म्हणून ती क्लिओ होऊ शकली.

आता चित्रकाराकडे वळू. त्या काळी चित्रकार स्वतःला चित्रित करीत तेव्हा चेहरा दाखवीत, उंची वस्त्रे व साखळ्या मिरवीत. या चित्रकाराला चेहराच नाही. तो व्हर्मीर स्वतः आहे की अन्य कोणी, हे सांगता येत नाही. आणि सांगता येऊ नये अशीच व्यवस्था येथे आहे. हात काठीवर टेकवून तो काम करतो आहे. करड्या कॅनव्हासवर तरुणीची आकृती पांढऱ्या रेषांनी आखलेली असून, तीत रंग भरला आहे तो फक्त मुकुटाच्या काही पानांत. ज्याला कीर्तीचे रूपक मांडावयाचे आहे, त्याने प्रारंभ मुकुटापासून केला हे योग्यच, असे कोणी म्हणेल. आम्हांला मात्र त्या हाताच्या सावधपणात कीर्तीची ओढ दिसत नाही. पान कसे वळले आहे आणि त्याच्यावर उजेड कसा पडला आहे, एवढ्याकडेच त्याचे लक्ष लागलेले आहे. संत थॉमस अक्वायनस यांची कलेविषयीची भूमिका आम्ही सेमिनरीत शिकलो होतो. कला म्हणजे करावयाच्या वस्तूविषयीचा योग्य विवेक, आणि तिचे भले-बुरे हे कर्त्याच्या इच्छेवरून ठरत नसून तयार झालेल्या वस्तूवरून ठरते, असा तिचा सारांश. त्या वयात हे विधान आम्हांला कोरडे वाटले होते. या पाठमोऱ्या माणसाकडे पाहताना ते उमगू लागले. तो पाठमोरा आहे याचा अर्थ इतकाच, की त्याचे तोंड कामाकडे आहे.

येथे एका जुन्या परंपरेचीही आठवण ठेवली पाहिजे. शुभवर्तमानकार संत लूक यांनी मरियामातेचे चित्र रंगविले, अशी आख्यायिका आहे. म्हणून युरोपातील चित्रकारांचे संघ संत लूक यांच्या नावाने चालत, आणि लूक मरियेचे चित्र काढीत आहेत, हा विषय पिढ्यान्पिढ्या रंगवला गेला. डेल्फ्टच्या संत लूक संघात व्हर्मीरला १६५३ साली प्रवेश मिळाला, आणि पुढे तो दोनदा संघाच्या प्रमुखांपैकी एक म्हणून निवडला गेला. ईझलपुढे बसलेला चित्रकार आणि समोर उजेडात उभी असलेली स्त्री ही मांडणी पाहताना त्याच्या व्यवसायबंधूंना लूक व मरिया आठवल्या नसतील, असे मानणे कठीण आहे. धर्मचित्राचा आदर जणू येथे एका साध्या खोलीला लाभला आहे.

आणि त्या खोलीतला तो उजेड! खिडकी आपल्याला दिसत नाही. ती पडद्याआड आहे. उजेड मात्र सर्वत्र पोहोचला आहे. झुंबराच्या पितळेवर तो ठिपक्यांनी उमटला आहे, आणि नकाशाच्या जुन्या कागदावर पडलेल्या सुरकुत्यांतून तो अडखळत गेला आहे. कोकणात पावसाची सर ओसरल्यावर ढगांआडून जो मऊ, सावली नसलेला प्रकाश जांभ्याच्या भिंतींवर उतरतो, त्याच्याशी ज्यांचा परिचय आहे, त्यांना याची जात ओळखता येईल. नकाशाची घडी राजकीय फाटाफुटीचे चिन्ह असो वा नसो. तो कागद वर्षानुवर्षे गुंडाळला व उलगडला गेला आहे, हे आधी दिसते. चिन्ह नंतर येते.

या चित्राचा पुढील इतिहास पाहिला म्हणजे कीर्तीच्या तुतारीविषयी आपण अधिकच सावध होतो. १६७२ साली फ्रान्सने हॉलंडवर स्वारी केली आणि चित्रांची खरेदी-विक्री थंडावली. १६७५ च्या डिसेंबरात व्हर्मीर वारला तेव्हा मागे पत्नी कॅथरिना, अकरा मुले आणि कर्ज राहिले. पावाच्या उधारीचेच सहाशेहून अधिक गिल्डर थकले होते, आणि त्यापोटी दोन चित्रे पाववाल्याकडे द्यावी लागली. अशा घरात हे मोठे चित्र मात्र न विकलेले राहिले होते. फेब्रुवारी १६७६ मध्ये कॅथरिनाने ते आपल्या आईच्या नावे करून दिले. त्या दस्तऐवजात चित्राचे वर्णन ‘ज्यात चित्रकला दर्शविली आहे असे चित्र’ अशा आशयाचे आहे. म्हणजे शीर्षक विद्वानांनी मागाहून चिकटवलेले नाही. घरच्या माणसांना चित्राचा विषय ठाऊक होता. ते धनकोंच्या हाती पडू नये म्हणून ही विधवा धडपडली. परंतु मालमत्तेचा व्यवस्थापक म्हणून नेमलेल्या आंतोनी व्हान लीउवेनहुक यांनी, म्हणजे सूक्ष्मदर्शकासाठी विख्यात झालेल्या त्याच गृहस्थांनी, या हस्तांतराला हरकत घेतली.

पुढे चित्रकाराचे नाव लोक विसरले. चित्रावर पीटर द होख या दुसऱ्या चित्रकाराची खोटी सही आली. १८१३ साली व्हिएन्नात एका सरदाराने ते अवघ्या ५० गिल्डरांस विकत घेतले. आणि १८६० साली ते व्हर्मीरचे आहे हे ओळखले गेले. कीर्ती परतली, ती कशी? १९४० साली हिटलरने ते साडेसोळा लाख राइशमार्क देऊन मिळवले. युद्धाच्या अखेरीस ते ऑस्ट्रियातील एका मिठाच्या खाणीत दडवलेले सापडले, आणि १९४६ पासून व्हिएन्नाच्या संग्रहालयात आले. पूर्वीच्या मालकाच्या वारसांनी केलेला परतीचा दावा २०११ साली अमान्य झाला. क्लिओच्या तुतारीतून अखेर कोणाकोणाची नावे निघाली, हे पाहिले की तिने ती ओठांना लावली नाही, यात एक शहाणपण दिसते.

आता दुसरे चित्र. ते व्हर्मीरच्या अखेरच्या वर्षांतील, सुमारे १६७० नंतरचे आहे. व्हर्मीरचा जन्म प्रॉटेस्टंट घरात झाला. कॅथलिक कुटुंबातील कॅथरिनाशी १६५३ साली विवाह करण्यापूर्वी त्याने कॅथलिक श्रद्धा स्वीकारली, असे बहुतेक अभ्यासक मानतात. तो सासूच्या घरी, कॅथलिकांच्या वस्तीत, येशूसंघीयांच्या गुप्त प्रार्थनामंदिराच्या सान्निध्यात राहिला. कॅथलिकांना उघड उपासना करण्यास मनाई असलेल्या त्या देशात त्याने आपल्या एका मुलाचे नाव इग्नेशियस ठेवले. तेव्हा त्याच्या श्रद्धेविषयी शंका घेण्याचे आम्हांस कारण दिसत नाही.

या चित्रातही तसाच पडदा आणि तशीच फरशी आहे. एक स्त्री छातीवर हात ठेवून, डोळे वर लावून बसली आहे. तिचा एक पाय पृथ्वीच्या गोलावर आहे. शेजारी चषक, ग्रंथ आणि क्रूस. जमिनीवर दात लागलेले सफरचंद, आणि दगडाखाली चिरडलेला रक्तबंबाळ सर्प. मागे ख्रिस्ताच्या क्रूसारोहणाचे भव्य चित्र. रिपाच्या कोशातील श्रद्धेचे वर्णन येथे बहुतांशी उतरले आहे. कोण्या कॅथलिक ग्राहकाच्या सांगण्यावरून ते काढले असावे, असा तर्क केला जातो. सारे काही बिनचूक आहे, धर्मशिक्षणाच्या तासाला उपयोगी पडावे असे आहे. तरीही त्या स्त्रीला आपण ओळखत नाही. तिचा हात छातीवर आहे तो कोशात सांगितले म्हणून; क्लिओने ग्रंथ छातीशी धरला आहे तो जड आहे म्हणून. ते सफरचंद पापाचे चिन्ह आहे, परंतु ते कोणाच्या बागेतून आले असेल असे वाटत नाही. फक्त एका ठिकाणी व्हर्मीर व्हर्मीर होतो. छतापासून निळ्या फितीने टांगलेला काचेचा एक गोल आहे, आणि त्यात खोलीचा सारा उजेड गोळा झाला आहे. तेथे त्याला प्रवचनाचा विसर पडला आणि तो पाहू लागला. आम्हांला त्या चित्रात श्रद्धा दिसते ती तेथे.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो आम्हीच आमच्यावर घेतला आहे. चिन्हांवाचून धर्म कसा? वेदीपाशी आयुष्य घालवणाऱ्या माणसाने प्रतीकांविरुद्ध बोलावे काय? आमचे उत्तर असे, की वेदीपाशीच आम्ही याच्या उलट शिकलो आहोत. बाप्तिस्म्याला पाणी लागते, आणि ते खरे पाणी असावे लागते. पाण्याचे चित्र चालत नाही. मिस्साबलिदानाला गव्हाची भाकर व द्राक्षाचा रस लागतो. दुसरे काही घेऊन ‘अर्थ तोच’ असे म्हणता येत नाही. ख्रिस्तसभेने चिन्हाच्या द्रव्याविषयी शतकानुशतके जो आग्रह धरला, त्यात कलेचा एक नियम दडलेला आहे. वस्तू आधी स्वतःशी प्रामाणिक असली पाहिजे. मगच ती आपल्यापलीकडचे काही दाखवू शकते. व्हर्मीरच्या पहिल्या चित्रात पाणी पाणी आहे. दुसऱ्यात पुष्कळ ठिकाणी केवळ ‘पाणी’ हा शब्द आहे.

आपल्या जवळचे एक उदाहरण घेऊ. गोव्याच्या सांत इस्तेव्ह येथे १९०२ साली जन्मलेले अँजेलो दा फोन्सेका हे शांतिनिकेतनात अवनींद्रनाथ ठाकूर व नंदलाल बोस यांच्या हाताखाली शिकले, आणि त्यांनी मरियामातेला साडी नेसवली. गोव्यातील तत्कालीन कॅथलिक समाजाला ते रुचले नाही. फोन्सेका पुण्याच्या ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात येऊन राहिले व १९६७ साली पुण्यातच निवर्तले. त्यांची पुष्कळशी चित्रे आज पर्वरीच्या झेव्हियर इतिहास संशोधन केंद्रात आहेत. त्यांचे टीकाकार मरियेच्या अंगावर प्रतीक शोधत होते. निळा झगा हे प्रतीक ओळखीचे, साडी हे प्रतीक परके. फोन्सेकांनी मात्र पदर खांद्यावरून कसा घसरतो आणि मूल कडेवर घेताना बाई कंबर कशी वाकवते, हे पाहिले होते. त्यांच्या उत्तम चित्रांत मरिया आधी आई असते. आणि हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे, की साडी हीच जेथे नवी घोषणा होऊन बसते, तेथे भारतीय शैलीतील धर्मचित्रेही त्या सफरचंदासारखीच कोरडी पडतात. प्रतीक परदेशी आहे की देशी, हा येथे मूळ प्रश्न नाही.

टीकाकारांना बोल लावण्यापूर्वी आम्ही आमच्याच एका चुकीचा उल्लेख करू इच्छितो. पुष्कळ वर्षांपूर्वी, आमच्या सेवेच्या एका ठिकाणी, मुलांसाठी चित्रकलेची स्पर्धा ठेवली होती. विषय होता ‘श्रद्धा’. परीक्षक आम्हीच होतो. पहिले बक्षीस आम्ही ज्या चित्राला दिले त्यात क्रूस, कबुतर, बायबल व चषक असे सारे काही होते, आणि रंग रेषेबाहेर गेला नव्हता. दुसऱ्या एका मुलाने आपल्या आजीचे दोन हात काढले होते. बोटे वाकडी, नखे तुटलेली, आणि तांदूळ निवडण्याचे सूप. आम्ही त्याला विचारले, ‘यात श्रद्धा कुठे आहे, बाळ?’ तो म्हणाला, ‘ती निवडताना रोझरी म्हणते, फादर.’ आम्ही हसलो, त्याच्या पाठीवर हात फिरवला, आणि ‘विषयाला धरून नाही’ असा शेरा कागदामागे लिहिला. तो मुलगा पुढे चित्रे काढीत राहिला की नाही, हे आम्हांला समजले नाही. व्हर्मीरचे ते पाठमोरे चित्र त्या वेळीही आमच्या संग्रही होते. आम्ही ते विद्वानांच्या टिपांसह वाचले होते, पाहिले नव्हते.

या त्रैमासिकाच्या वाचकांत लिहिणारेही पुष्कळ आहेत, म्हणून हे सांगण्याचे धाडस केले. आपल्या कवितांत क्रूस पुष्कळ येतो. त्याचे लाकूड क्वचित येते. दिवा येतो, पण त्यातले तेल संपल्याची चिंता येत नाही. मेंढपाळ येतो, परंतु कोकणात ज्याला आपण रोज गुरे हाकताना पाहतो, तो येत नाही. वाचक अशा रचनांपुढे नम्रपणे मान डोलावतो आणि पान उलटतो, कारण त्याला जे ठाऊक होते तेच त्याला पुन्हा सांगितलेले असते. आम्हीही प्रवचनपीठावरून हेच पुष्कळदा केले आहे.

यंदाच्या नाताळात पुन्हा स्पर्धा ठेवावी असा विचार आहे. विषय ‘श्रद्धा’ हाच ठेवू. परीक्षणाला मात्र आम्ही एकटे बसणार नाही. वाडीतील दोन-तीन आजींनाही बोलावू. मुलांना एवढेच सांगणार आहोत, की घरातली एखादी वस्तू किंवा एखादे माणूस निवडा आणि ते नीट दिसेपर्यंत पाहत राहा. तिचा अर्थ काय, हे आम्ही या वेळी विचारणार नाही.